जबड्याचा डॉक्टर कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. मी बी.डी.एस., म्हणजे साधी दातांची डॉक्टर. दाढ भरते, रूट कॅनल करते, कवळ्या बसवते. जे माझ्या हातचं नाही त्यासाठी चिठ्ठी लिहून ओरल सर्जनकडे पाठवते. चिठ्ठी हातात पडली की पेशंट दारात थबकतो आणि प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न ऐकून झाले, म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून काढली.

ओरल सर्जन म्हणजे दाढ काढणारा डॉक्टरच ना? ती तर तुम्हीही काढता.

काढते, साधी असेल तर. पूर्ण नाव ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन. तोंड, जबडा आणि चेहऱ्याची हाडं हा त्यांचा मुलूख. पाच वर्षांचं बी.डी.एस. (त्यात एक वर्ष इंटर्नशिप) आणि त्यावर तीन वर्षांचं एम.डी.एस. असं शिक्षण असतं. एम.डी.एस.च्या नऊ शाखा आहेत आणि त्यातली ही एक. म्हणजे पाटीवर नुसतं एम.डी.एस. दिसलं तर तो ओरल सर्जन असेलच असं नाही. दात सरळ करणारेही एम.डी.एस. असतात आणि लहान मुलांचे दात बघणारेही.

अडकलेली अक्कलदाढ, मोडलेला जबडा, जबड्यातल्या गाठी, तोंड न उघडणं, निखळलेला सांधा, गालापासून गळ्यापर्यंत उतरलेला पू, लाळेच्या ग्रंथीतला खडा, पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा, दुभंगलेला ओठ ही सगळी या लोकांची कामं. त्यांच्यातले काही जण पुढे कॅन्सर शस्त्रक्रियेची फेलोशिप करतात आणि मग त्याच कामात राहतात.

माझ्या त्रासाला ओरल सर्जनच लागेल हे कसं कळायचं?

बहुतेक वेळा तुमच्या जवळच्या दंतवैद्याला दहा मिनिटांत कळतं. तोंड उघडून बघायचं आणि ओपीजी काढायचा. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे. निम्म्या लोकांचं काम तिथेच संपतं, पुढे जावंच लागत नाही.

उलट गोष्ट जास्त दिसते. जबड्याच्या सांध्याचं दुखणं घेऊन माणूस कानाच्या डॉक्टरांकडे सहा महिने जातो, कारण दुखतं कानापाशी. गालावर पू येऊन फुटलेली पुळी घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे मलम लावत बसतो, आणि खाली असते कुजलेली दाढ. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ येते, तोंड धुताना, वारा लागताना. ते दुखणं बऱ्याचदा दाताचं नसतंच, नसेचं असतं. दात दुखतोय समजून एकामागून एक तीन चांगल्या दाढा काढून आलेल्या एक आजी मी पाहिल्या आहेत. कळ होती तशीच. त्यांना दाढा काढणारा कुणी नको होता. ओरल सर्जननी तपासून न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि गोळ्यांनीच आराम पडला.

न दुखणारी सूज मात्र अंगावर काढू नका. दुखतं ते आपण दाखवतो. जबडा हळूहळू फुगतो, दुखत काहीच नाही, दात थोडे हलायला लागतात, आणि वर्षभर घरात कुणाला काही वाटत नाही. जबड्यातल्या बऱ्याच गाठी अशाच वाढतात.

आमच्या तालुक्यात असा डॉक्टर नाही. कुठे शोधू?

आहे. फक्त त्याची पाटी नाही.

आपल्याकडे ओरल सर्जनचा मोठा वर्ग ‘व्हिजिट’वर चालतो. शहरातला सर्जन आपली पेटी घेऊन ठरलेल्या वारी आजूबाजूच्या गावांतल्या दवाखान्यांत जातो. माझ्याकडे दर दुसऱ्या गुरुवारी येतात. दुपारपर्यंत चार अक्कलदाढा काढून पुढच्या गावाला. त्या दिवशी दवाखान्यात दोन वेळा चहा होतो आणि हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह सकाळपासून गरम असतो. हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. म्हणून नेटवर ‘माझ्या जवळचा ओरल सर्जन’ शोधण्याआधी गावातल्या दातांच्या डॉक्टरांना सरळ विचारा, “तुमच्याकडे ओरल सर्जन व्हिजिटला येतात का? कोणत्या वारी?”

पण व्हिजिटला सगळंच होत नाही. दाढ, छोटी गाठ, तपासणीसाठी तुकडा काढणं, एखादा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा कृत्रिम दात), एवढं खुर्चीवर होतं. जबडा मोडला असेल, पू गळ्यात उतरला असेल, पूर्ण भूल लागणार असेल तर ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रात्री जागं असणारं हॉस्पिटल हवं. काम किती मोठं त्यावर जागा ठरवायची, आणि मग त्या जागी कोण आहे ते बघायचं. लोक उलटं करतात. आधी नाव धरतात आणि मग ते डॉक्टर म्हणतील तिथे जातात.

मोठ्या कामासाठी दुसरा रस्ता दंत महाविद्यालयाचा. प्रत्येक दंत महाविद्यालयात ओरल सर्जरीचा विभाग असतोच. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. आमच्या भागातले लोक कराडला किंवा सांगलीला खासगी महाविद्यालयात जातात. वर्ध्याला सावंगी मेघे, नगर जिल्ह्यात लोणी. सिंधुदुर्गातल्या माणसाला मुंबईपेक्षा बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय जवळ पडतं, आणि चंदगड-गडहिंग्लजकडच्यांना बेळगाव. हद्द सरकारची असते, दुखणाऱ्या दाढेला ती नसते.

पाटीवर अक्षरांची रांग असते. त्यातून काय वाचायचं?

दोन गोष्टी शोधा. एक, एम.डी.एस.च्या पुढे ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी’ हे शब्द. दोन, नोंदणी क्रमांक. दंतवैद्यांची नोंदणी १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून राज्याच्या दंत परिषदेकडे होत आली आहे, आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य दंत परिषद. एम.डी.एस. झाल्यावर ती पदवीही तिथे नोंदवावी लागते. प्रमाणपत्र दवाखान्याच्या भिंतीवर असतं, वाचायला लाजू नका. मला तर बरं वाटतं कुणी वाचलं की.

बाकीची अक्षरं सभासदत्वाची, छोट्या कोर्सची, परिषदांची असू शकतात. त्यात वाईट काही नाही, पण पदवी आणि शनिवार-रविवारचा कोर्स यांना एका मापाने मोजू नये. असोसिएशन ऑफ ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन्स ऑफ इंडिया ही या लोकांची देशपातळीवरची संघटना, १९६९ पासूनची. तिचे सभासद असणं ही ओळखीची एक जादा खूण.

आणि बाजाराच्या दिवशी पथारी टाकून दात बसवणारे? त्यांच्याकडे जाऊ नका, एवढंच. दाताला तारेने आणि सिमेंटसारख्या लगद्याने चिकटवलेले दात सोडवण्यात माझे कितीतरी तास गेले आहेत.

पहिल्या भेटीत काय विचारू? डॉक्टरांना राग येईल का?

चांगल्या सर्जनला येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडून उठून यायला हरकत नाही.

मी पेशंटना हे विचारायला सांगते: असं काम तुम्ही महिन्यातून किती वेळा करता? ते कुठे करणार, इथे की हॉस्पिटलमध्ये? भूल कोण देणार? नाही केलं तर काय होईल? आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? शेवटचा प्रश्न व्हिजिटवाल्या सर्जनच्या बाबतीत फार महत्त्वाचा. सर्जन संध्याकाळी पुण्याला परतलेले असतात आणि रक्त रात्री अकराला सुरू होतं. तेव्हा दार कुणाचं वाजवायचं हे आधी ठरलेलं असावं. माझ्याकडे ते दार माझं असतं.

‘नाही केलं तर काय होईल’ याला घाबरवणारं उत्तर मिळालं आणि कारण काही मिळालं नाही, तर ओपीजी घेऊन दुसरीकडे दाखवा.

अक्कलदाढ काढायलाच हवी का?

नाही. सरळ आली आहे, वरखाली नीट टेकते, ब्रश पोचतो, तर राहू द्या. आडवी अडकली आहे, वारंवार सुजते, पुढच्या दाढेला कीड लावते आहे, भोवती पोकळी दिसते आहे, तर काढा. साधारण १७ ते २५ या वयात ती येते. काढायचीच असेल तर विशीत काढलेली बरी, कारण हाड तेव्हा मऊ असतं आणि मुळं पूर्ण वाढलेली नसतात. पन्नाशीत तीच दाढ जास्त छळते.

खालच्या अक्कलदाढेच्या मुळांखालून एक नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना तिच्यातून येते. ओपीजीवर मूळ आणि नस एकमेकांवर चढलेली दिसली तर सर्जन सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन सांगतात. तो खर्च वाढवायला सांगितलेला नसतो. ओठ काही महिने, क्वचित कायमचा, बधिर राहण्याची शक्यता किती आहे हे त्यातून कळतं. संमतीच्या कागदावर हे लिहिलेलं असतं. सही करण्यापूर्वी ते वाक्य डॉक्टरांकडून मराठीत समजून घ्या.

काढल्यानंतरचं थोडक्यात: कापूस पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, शेक नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत चढलं आणि तोंडाला वास यायला लागला, तर खड्डा कोरडा पडला असेल. घरी लवंग तेल भरत बसू नका, दाखवा. औषधाची पट्टी ठेवली की बऱ्याच जणांना त्याच दिवशी उतार पडतो.

वरची दाढ काढली की नजर जाते म्हणतात.

जात नाही. डोळ्याला दिसतं ती नस वेगळी, दाढेची वेगळी. चाळिशीत दाढाही जातात आणि चष्माही लागतो. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी झाल्या की आत्या नातं जोडून देतात.

सुपारी खायचो. आता तोंड नीट उघडत नाही. तिखट तर सोसतच नाही.

इथे जरा थांबून लिहिते, कारण हा पेशंट सर्वात उशिरा येतो.

आत्ता बसल्या जागी एक करा. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. तिन्ही जात असतील तर ठीक. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं. दोनच गेली तर दाखवायची वेळ झाली. एकच गेलं तर ती वेळ केव्हाच टळून गेली आहे, तरी उद्याच दाखवा. पेशंट बोटांचं सांगत नाही. तो म्हणतो, “मॅडम, पाणीपुरी जात नाही तोंडात.” किंवा बायको सांगते, “हे आता वडापाव कुस्करून खातात.”

याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतलं मऊ अस्तर पांढरट, कडक होत जातं, आत दोरीसारखे पट्टे बोटाला लागतात. मुख्य कारण सुपारी. तंबाखू नसलेली, ‘नुसतीच गोड’ सुपारीसुद्धा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, पण टपरीवर हाताने घोटून दिलेला मावा आणि विदर्भातला खर्रा यांचं काय? पॉलिथिनच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून घासतात तो आवाज बसस्टँडवर रोज ऐकू येतो. शाळकरी मुलगे विकत घेताना मी बघितले आहेत.

तर उपाय. सुपारी बंद केल्याशिवाय कुठलाही उपाय लागू पडत नाही, हे आधी. लवकर आलात तर औषधं, गालात इंजेक्शनं आणि तोंड उघडायचे व्यायाम यांवर भागतं. तोंड अगदीच आवळलं असेल तर सर्जन ते कडक पट्टे कापून तिथे दुसरीकडचं अस्तर लावतात. त्यानंतर महिनोन्‌महिने रोज व्यायाम करावा लागतो. जो करत नाही त्याचं तोंड पुन्हा आवळतं. आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं.

सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडवणारा राष्ट्रीय मोफत नंबर आहे.

तोंडातली जखम भरत नाही. तुकडा काढून तपासायचा म्हणतात. चाकू लागला की पसरतो ना?

नाही. तुकडा काढल्यामुळे कॅन्सर पसरत नाही. भीतीने घालवलेल्या तीन महिन्यांत मात्र पसरतो. चाकू लागला आणि माणूस गेला अशी जी गोष्ट प्रत्येक गावात असते, तिच्यातला माणूस चाकूपर्यंत पोचला तेव्हाच उशीर झालेला असतो.

नियम सोपा ठेवा. तोंडातली कुठलीही जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचा. दात टोचत असेल तर तो घासून घ्यायचा आणि पुन्हा दोन आठवडे बघायचं, त्याहून जास्त नाही. आमच्याकडच्या बायका मिसरी लावतात, अजूनही, आणि ‘आम्ही तंबाखू खात नाही’ असं मनापासून सांगतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. एका मावशींच्या खालच्या ओठाच्या आतली जखम मी मिसरीबद्दल विचारलं म्हणूनच सापडली, त्या आल्या होत्या कवळीसाठी.

तुकडा काढणं हे खुर्चीवरचं पंधरा-वीस मिनिटांचं काम. रिपोर्ट कॅन्सरचा आला तर मात्र पुढचं ऑपरेशन ‘जवळच्या’ माणसाकडे करून घेऊ नका. जिथे सर्जन, रेडिएशन, केमो आणि नंतर जबडा उभारणारे एकत्र बसून निर्णय घेतात तिथे जा. मुंबईत परळचं टाटा स्मारक रुग्णालय सगळ्यांना माहीत आहे, पण अशी टीम इतर शहरांतही असते. पहिलं ऑपरेशन नीट होणं सगळ्यात महत्त्वाचं.

आणि रेडिएशन ठरलं असेल तर त्याच्या आधी दात दाखवा. किडलेले, हलणारे दात रेडिएशन सुरू होण्यापूर्वी काढून जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळायला हवेत. रेडिएशननंतर त्याच जबड्यातला दात काढला तर हाड सडू शकतं.

मोटरसायकलवरून पडला, जबडा लागलाय. थेट ओरल सर्जनकडे नेऊ?

नाही. आधी १०८ ला फोन करा आणि मोठ्या हॉस्पिटलात न्या. श्वास, डोकं, मान हे पहिलं. जबडा काही दिवस थांबू शकतो, मेंदूतला रक्तस्राव थांबत नाही. पेशंट स्थिर झाला की मग त्याच हॉस्पिटलमध्ये विचारा, “इथे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन आहेत का, बोलवता का?” विचारल्याशिवाय काही ठिकाणी कुणी बोलवत नाही, आणि टाके घालून घरी पाठवलेल्या माणसाचे दात महिन्याने एकमेकांवर बसत नाहीत.

जबडा मोडल्याच्या खुणा: दात आधीसारखे जुळत नाहीत, खालचा ओठ बधिर, तोंड उघडताना एका बाजूला जातं. पूर्वी दात तारेने बांधून पाच-सहा आठवडे पेजेवर ठेवायचे. आता बहुतेक वेळा टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या स्क्रूने बसवतात. अपघाताची पोलीस नोंद करून घ्या. पुढे विमा आणि नुकसानभरपाईला तोच कागद लागतो.

दात अख्खा मुळासकट बाहेर पडला असेल तर तो शोधा. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरा. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर विसळा, घासू नका. जमलं तर जागेवर बसवून रुमाल चावून धरा, नाहीतर थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या ते एका तासात जवळच्या कुठल्याही दंतवैद्याकडे पोचा. कागदात गुंडाळलेला, शर्टाच्या खिशात वाळलेला दात चार तासांनी येतो तेव्हा फार काही करता येत नाही. दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नसतो.

लहान मूल हनुवटीवर पडलं आणि टाके पडले, तर गोष्ट तिथे संपत नाही. हनुवटीवरचा मार कानापाशी सांध्यात पोचतो. मुलाचं तोंड पुढचे काही महिने नीट उघडतंय का बघा. सांधा जुळून गेला तर तोंड उघडणं बंद होतं आणि त्या बाजूचा जबडा वाढत नाही. नववीतल्या एका मुलाच्या हनुवटीवर बोटभर जुना वण होता आणि पुढच्या दातांत चमचासुद्धा जात नव्हता. आई म्हणाली, तीन वर्षांचा असताना ओट्यावरून पडला होता, टाके घातले होते, बरा झाला होता.

दाढ दुखत होती, आता सूज गळ्यापर्यंत आलीय. सकाळी दाखवलं तर चालेल?

गिळता येत नसेल, लाळ बाहेर गळत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, आवाज घोगरा झाला असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल तर सकाळची वाट बघू नका. दातांच्या दवाखान्यात नाही, हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा. पेशंटला बसवून न्या. पू श्वासनलिकेच्या वाटेवर उतरलेला असतो आणि हे दुखणं जीव घेऊ शकतं. सुजेवर गरम शेक देऊ नका.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आधीच बंद करून येऊ?

स्वतःहून कधीच नाही. ॲस्पिरिनसारखी गोळी बहुतेक वेळा चालू ठेवूनच दाढ काढतात. दुसऱ्या गोळ्यांबद्दल तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन एकमेकांशी बोलतील. काय काय चालू आहे ते सांगा, गोळ्यांची पाकिटंच घेऊन या. ‘ती लाल छोटी गोळी’ यावरून मला काही कळत नाही.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल तर ते आवर्जून सांगा. या औषधांवर असताना दाढ काढली तर क्वचित हाड उघडं पडून भरत नाही. आणि मधुमेह. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने किती जणांचे वरचे जबडे काढावे लागले हे आपण पाहिलं आहे. बहुतेकांची साखर हाताबाहेर गेलेली होती. साखर तपासून या.

बाळाचा ओठ जन्मतःच दुभंगलेला आहे. घरचे म्हणतात ग्रहणात काहीतरी चिरलं.

ग्रहणाचा आणि विळीचा काही संबंध नाही. आईला बोलणं आधी थांबवा.

ओठाचं ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांत, टाळूचं ९ ते १८ महिन्यांत करतात, बाळाचं वजन आणि रक्त बघून. टाळूला उशीर झाला तर बोलणं नाकातून येतं. पुढे हिरडीत हाड भरायचं काम सुळे यायच्या आधी, वयाच्या आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान. काही ठिकाणी हे प्लास्टिक सर्जन करतात, काही ठिकाणी ओरल सर्जन. कोण करतो यापेक्षा त्याच्यासोबत स्पीच थेरपिस्ट (बोलणं सुधारणारे) आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावून दात सरळ करणारे) आहेत का ते विचारा, कारण ही वाट पंधरा-अठरा वर्षांची आहे. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांत ऑपरेशन मोफत होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयात नाव घालता येतं. तोपर्यंत दूध पाजताना बाळाला आडवं न धरता बसतं धरा.

जबडा पुढे आहे. ऑपरेशनने चेहरा बदलतो म्हणे?

बदलतो, पण वाढ थांबल्यावर आणि ऑर्थोडॉन्टिस्टसोबत. आधी वर्ष-दीड वर्ष तारा, मग ऑपरेशन, मग पुन्हा तारा. लग्न ठरल्यावर तीन महिन्यांत करून द्या म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते.

खर्च किती? योजनेत बसतं का?

आकडा गावागणिक बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा त्यात काय काय धरलं आहे ते विचारा: एक्स-रे, भूलतज्ज्ञ, थिएटर, प्लेटा (जबडा जोडायच्या पट्ट्या), औषधं, टाके काढायची भेट. प्लेटा आणि थिएटर धरले नसतील तर स्वस्त वाटलेलं बिल दुप्पट होतं.

आयुष्मान भारतच्या पॅकेजांत ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी हा वेगळा विभाग आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना त्याच्याशी जोडलेली आहे. साधी दाढ काढणं त्यात धरू नका. मोडलेला जबडा, कॅन्सर, मोठी गाठ यासाठी विचारा, आणि भरती होण्यापूर्वी विचारा. योजनेतल्या हॉस्पिटलच्या दारात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आधी तिथे जा. बिल झाल्यावर गेलात तर तो बिचारा काही करू शकत नाही.

खासगी विम्यात दातांचं नेहमीचं काम बहुधा वगळलेलं असतं, पण अपघातामुळे भरती होऊन केलेलं काम बऱ्याच पॉलिसींत बसतं. पॉलिसी वाचा.

दंत कॉलेजात विद्यार्थी हात साफ करतात म्हणे.

तिथे शिकणारे डॉक्टर असतात, हे खरं. ओरल सर्जरी विभागात ते आधीच दंतवैद्य झालेले असतात आणि मागे प्राध्यापक उभे असतात. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, सकाळी लवकर केस पेपर काढावा लागतो. आधी तपासणी विभाग, मग एक्स-रे, मग सर्जरी, अशा तीन रांगा. डबा घेऊन जा. पण मोडलेल्या जबड्यांची आणि आवळलेल्या तोंडांची जितकी कामं तिथे रोज होतात तितकी खासगीत क्वचित होतात. माझ्या सख्ख्या भावाचा जबडा मोडला तेव्हा मी त्याला कॉलेजातच नेलं होतं.

मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तो म्हणतो, तुमचा सर्जन एमबीबीएस नाही, मग तो जबड्याचं ऑपरेशन कसं करतो?

तिकडे या शाखेसाठी वैद्यकीय आणि दंत अशा दोन्ही पदव्या लागतात. आपल्याकडे बी.डी.एस. नंतर एम.डी.एस. हा रीतसर मार्ग आहे. पद्धत वेगळी, एवढंच. मुलगा सुट्टीत येऊन दहा दिवसांत अक्कलदाढ काढून जाणार असेल तर पहिल्याच दिवशी या, विमानाच्या आदल्या दिवशी नको.

तुमची चिठ्ठी नेलीच पाहिजे का?

सक्ती नाही, पण न्या. त्यात मी लिहिते: त्रास कधीपासून, काय औषधं दिली, कशाची ॲलर्जी, साखर-बीपी किती, तोंड किती मिलिमीटर उघडतं. ओपीजी घडी घालू नका, मोठ्या पाकिटातच राहू द्या, आणि जुने एक्स-रेसुद्धा बरोबर ठेवा. जुन्या फोटोत नसलेली सावली नव्यात दिसली की सर्जनचे दोन प्रश्न वाचतात. परतताना त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आणा, टाके मलाच काढायचे असतात.